दोघांचं भाडं

बस हेमांगी, इथे कठड्यावर, सूरसागराकडे पाठ करून.
पाण्याविषयी सांगताना पाण्याकडे बघू नये,
माणूस वाढवून सांगतो.

तुमचं सप्टेंबरात ना? बरं.
बार्सिलोनाला एक दिवस आधी पोच.
आमच्यातले जामनगरचे पाच जण उशिरा उतरले,
त्यांना जहाज दिसलं, पण पाठमोरं.

खोली मधल्या मजल्यावर घे, जहाजाच्या पोटाशी.
टोकाला घेतलीस तर रात्रभर पाळणा.
आणि डोक्यावर नाचघर नाही ना, नकाशात बघ.
मी बघितलं नव्हतं,
दोन दोन वाजेपर्यंत माझ्या छतावर कुणीतरी टाचा आपटायचं.

खिडकीची महाग पडते, तुझे ताम्हाणे नको म्हणतील.
तरी घे.
सात दिवस अबोला धरायचा तर
तोंड फिरवून बघायला काहीतरी हवं.

भिंती लोखंडाच्या असतात. चुंबकाचे आकडे ने,
ओले कपडे टांगता येतात.
हे मला लिफ्टमध्ये एका तुर्की म्हातारीनं शिकवलं,
नुसत्या हातवाऱ्यांनी.

लीलो चिवडा ने, भाकरवडी ने, लसणाची चटणी तर नेच.
जेवण चोवीस तास मांडलेलं,
बटाट्याचे सतरा प्रकार, मीठ एकातही नाही.
पाचव्या दिवशी तो गोव्याचा रोमाल्डो
स्वतःच्या खाणावळीतून वाटी झाकून घेऊन आला,
“मावशे, तुका वरण हाडलां.”
मी ते उभ्यानंच प्यायले.

नेपल्सला घड्याळ सांभाळ.
साडेपाच म्हणजे साडेपाच, आपलं बडोद्याचं नव्हे.
एक जोडपं धक्क्यावरून धावत आलं,
तिच्या हातात चपला, त्याच्या हातात लिंबांची जाळी.
वरून आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय, शिट्ट्या मारतोय,
आणि जाळी फाटली.
तो थांबला.
तीही मागे फिरली, वाकून लिंबं वेचायला लागली,
एकेक.
शिडी वर गेली, हेमांगी.
लोक हसले. मला त्या बाईचा हेवा वाटला.

एक गोष्ट तुला लागू नाही, तरी सांगते.
एकट्या माणसाला तिथे दोघांचं भाडं पडतं.
दांडिया बाजारातला बुकिंगवाला परीख ओशाळला,
“बेन, खोली दोघांचीच असते, शुं करीए?”
मी म्हटलं, लाव. दोघांचं लाव.
ह्यांनी फर्टिलायझरमध्ये एकतीस वर्षं काढली,
समुद्र बघितला तो दमणचा,
तोही पँट दुमडून, गुडघ्यापर्यंत.

आणि एवढे पैसे भरल्यावर माणूस येणारच ना?
रोज रात्री दोन उशा, दोन उशांवर दोन चॉकलेटं.
टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा तो खोलीवाला पोरगा,
हत्तीच्या डोळ्यांवर माझा चष्मा.
तिसऱ्या रात्री त्याला सांगायला गेले की
बाबा रे, एकच ठेवत जा,
आणि तोंडातून निघालं,
“त्यांना कडू चालत नाही, दुधाचं ठेव.”

मग तो दुधाचं ठेवायला लागला.

परत आल्यावर आठवडाभर जमीन हलते, घाबरू नकोस.
मांडवीत मी रिक्षाचा दांडा धरून उभी,
रिक्षावाला म्हणतोय, बसा की, आणि मला वाटतंय
अजून धक्क्याला लागायचंय.

हे घे. पर्समध्ये वितळून पुन्हा घट्ट झालंय,
आकाराकडे बघू नकोस.
तूच खा, ताम्हाण्यांची साखर वाढेल.

आणि हो, पासपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स काढ.
वेगवेगळ्या पिशव्यांत ठेव.
दोघांचं सगळं एकाच पिशवीत
ठेवू नये.